व्हिएतनामची दालचिनी थेट सांगलीत आणायची, तर...

फेब्रुवारी संपत आला की सांगली, मिरज, तासगाव, विटा, कऱ्हाड या पट्ट्यात चटणीचे दिवस सुरू होतात. घराघरांत वर्षाची बेगमी होते, कांडपावर नंबर लागतात आणि मसाला पॅक करणाऱ्या छोट्या कारखान्यांना उसंत मिळत नाही. मिरची ब्याडगीहून येते, हळद घरचीच. दालचिनी आणि बाद्यान, म्हणजे चक्रीफूल, यांचा बराचसा माल मात्र व्हिएतनामचा असतो. गणपती पेठेत पोचेपर्यंत तो मुंबईचा आयातदार, वाशीचा घाऊक व्यापारी आणि इथला दुकानदार अशा तीन हातांतून फिरून आलेला असतो.

कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार अलीकडे हमखास विचारतात की आपणच थेट कंटेनर का मागवू नये? मागवता येतो. वर्षाला एक-दोन कंटेनर खपवण्याची ताकद असलेल्यानं तो जरूर मागवावा. मात्र या धंद्यातला मूळ फरक आधी ध्यानात घ्यायला हवा. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला आपण पोत्यात हात घालतो, कांडी मोडून आतला रंग बघतो, वास घेतो आणि मगच बोलीला उभे राहतो. परदेशी खरेदीत माल डोळ्यांना दिसायच्या आत पैसे गेलेले असतात. म्हणून पोत्यात हात घालून जे तपासायचं, ते सगळं पैसे सुटण्याआधी कागदावर आणि तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी तपासून घ्यायचं. पुढे जे लिहिलंय ते याचसाठी. पहिलाच कंटेनर आणणाऱ्यासाठी क्रमानं सांगतो.

देश कसा आहे

व्हिएतनामनं 1986 मध्ये ‘दोई मोई’ नावानं आर्थिक सुधारणा सुरू केल्या आणि जानेवारी 2007 मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. आज मोबाईल, बूट, कपडे, फर्निचर यांचे मोठमोठे कारखाने तिथे आहेत. काळ्या मिरीच्या निर्यातीत तो जगात पहिला आहे. त्या कारखान्यांची शिस्त बघून मसाल्याच्या धंद्यातही तीच शिस्त असेल असं धरून चालू नका. दालचिनी आणि बाद्यान डोंगरातल्या लहान शेतकऱ्याकडे पिकतं. ते गावचा गोळा करणारा घेतो, त्याच्याकडून तालुक्याचा व्यापारी आणि शेवटी निर्यातदार. आपल्याकडच्या अडत-दलालीसारखीच ही साखळी आहे, फक्त भाषा वेगळी.

यातली मेख अशी की निर्यातदार पुष्कळदा हातात माल नसताना सौदा करतो आणि मग खाली खरेदी करतो. भाव स्थिर असले तर काही बिघडत नाही. भाव भडकले की साखळी तुटते. 2024 मध्ये रोबस्टा कॉफीचे भाव चढले, तेव्हा ठरलेला माल मध्यस्थांनी दिलाच नाही अशा तक्रारी व्हिएतनाममधून मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. म्हणून ‘सगळ्यात स्वस्त’ कोटेशन देणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा की माल गोदामात आहे का, की अजून घ्यायचाय? गोदामात असेल तर आजच्या तारखेचा, तुमच्या फर्मचं नाव लिहिलेला कागद पोत्यांवर ठेवून काढलेला व्हिडिओ मागवा. ज्याच्याकडे खरोखर माल आहे, तो तासाभरात पाठवतो.

कुठला माल, कुठल्या महिन्यात

दालचिनीचं मोठं क्षेत्र येन बाय प्रांतात, त्यातही वान येन भागात आहे. बाद्यान लांग सोनचं. दोन्ही ठिकाणं हॅनोईपासून साधारण दीडशे किलोमीटरवर आहेत, एक वायव्येला आणि दुसरं ईशान्येला चीनच्या सीमेला लागून. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामनं 63 प्रांतांचे 34 केले. त्यात येन बाय हा लाओ काय प्रांतात गेला. त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर एकाच कंपनीचा पत्ता वेगवेगळा दिसू शकतो. इनव्हॉइस, मूळस्थान प्रमाणपत्र आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला) या तिन्हींवर पत्ता एकच छापून घ्या. आपल्या कस्टम्सला पत्त्यातली तफावत आवडत नाही.

दालचिनीची साल वसंतात आणि शरदात अशी वर्षातून दोनदा काढली जाते. बाद्यानाचा मुख्य हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि दुसरा लहान हंगाम वसंतात. आपली चटणी मार्च ते मे. या दोन्हींच्या मध्ये ‘टेट’ येतो, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. 2026 मध्ये तो 17 फेब्रुवारीला, 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला. टेटच्या आधी दोन आठवडे ट्रक आणि मजूर मिळत नाहीत आणि नंतर आठवडा-दोन आठवडे कोणी फोन उचलत नाही. जानेवारीत ऑर्डर दिलीत तर माल एप्रिलात सांगलीत येईल आणि हंगाम निम्मा गेलेला असेल.

म्हणून नमुने ऑगस्टमध्ये मागवा, करार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा, माल नोव्हेंबरात चढवा. हायफाँग बंदरातून न्हावा शेव्याला यायला, वाटेत सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला जहाज बदलणं धरून, तीन-चार आठवडे लागतात. डिसेंबरात क्लिअरिंग आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माल गोदामात. सप्टेंबर हा उत्तर व्हिएतनाममध्ये वादळांचा महिना असतो. 2024 च्या सप्टेंबरमध्ये यागी वादळानं येन बाय आणि लाओ काय भागांत मोठी हानी केली होती. तेव्हा करारात चार आठवडे सवड ठेवा.

काळ्या मिरीचा मोह पहिल्या कंटेनरला टाळा. डिसेंबर 2017 मध्ये सरकारनं मिरीसाठी किलोला 500 रुपये किमान आयात किंमत ठरवली आणि पुढे त्याखालची आयात बंद केली. आसियान, म्हणजे व्हिएतनामसह आग्नेय आशियातल्या देशांचा गट, याच्याशी भारताचा जो व्यापार करार आहे, त्यातही मिरी ‘विशेष उत्पादन’ म्हणून वेगळी काढलेली आहे, म्हणजे तिच्यावर शुल्काची सवलत मर्यादित आहे. दालचिनी-बाद्यानात हात बसल्यावर मग मिरीकडे वळा.

इथली तयारी

ही कामं अवघड नाहीत, पण नमुना मागवायच्या आधीच उरका. डीजीएफटी, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालय, याच्या पोर्टलवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, काढायचा. फी 500 रुपये आहे आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर क्रमांक निष्क्रिय होतो. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) राज्याचा परवाना आयातीला चालत नाही. आयईसीवरच्या पत्त्यावर केंद्रीय आयात परवाना लागतो. दोन्हीकडे फर्मचं नाव आणि पत्ता अक्षर न अक्षर सारखा ठेवा. बँकेत चालू खातं परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेशी जोडून घ्या. छोट्या शाखेतल्या मॅनेजरला हे काम वर्षातून एकदाच पडतं, तेव्हा फॉर्म कोणते आणि वेळ किती हे आधीच विचारून ठेवा.

कस्टम्स ब्रोकर निवडताना घाई नको. न्हावा शेव्याला मसाला किंवा सुकामेवा नियमित सोडवणाराच घ्या. यंत्रसामग्री सोडवणाऱ्याला एफएसएसएआय आणि प्लँट क्वारंटाईनच्या (शेतमालातली कीड-रोग तपासणी) खाचाखोचा माहीत नसतात. कवठेमहांकाळ-तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्यांकडे अशा ब्रोकरांची ओळख हमखास निघते.

पुरवठादार कसा शोधायचा, कसा पारखायचा

ऑनलाईन बाजारपेठांवर नावं मिळतात, पण निवड तिथे करू नका. व्हिएतनाम पेपर अँड स्पाइस असोसिएशनचे सदस्य, हॅनोईतला भारतीय दूतावास, हो ची मिन्ह सिटीतला वाणिज्य दूतावास आणि तिथल्या भारतीय उद्योजकांचं इन्चॅम हे चेंबर, या चार दारांतून यादी करा. दूतावासाला ईमेल लिहिताना नुसतं ‘मसाले हवेत’ असं लिहू नका. माल, प्रत, वजन आणि महिना लिहा, तर उत्तर नेमकं येईल.

मग प्रत्येकाचा कर क्रमांक मागा. व्हिएतनाममध्ये कंपनीचा नोंदणी क्रमांक आणि कर क्रमांक एकच, दहा अंकी असतो. त्यांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर तो टाकला की नाव, पत्ता, कायदेशीर प्रतिनिधी आणि कंपनी चालू आहे की बंद हे दिसतं. पान व्हिएतनामी भाषेत असतं, पण फोनवर भाषांतर होतं. करारावरचं नाव, पोर्टलवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव ही तिन्ही एकच असली पाहिजेत. ‘पैसे आमच्या हाँगकाँगच्या कंपनीच्या खात्यात पाठवा’ असं कोणी म्हणालं, तर पहिल्या व्यवहारात सरळ नाही म्हणा.

पहिल्या खरेदीआधी एकदा जाऊन या. ई-व्हिसा ऑनलाईन मिळतो, ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा असतो, आणि मुंबईहून थेट विमानंही आहेत. फॅक्टरीत गेल्यावर चकचकीत ऑफिसपेक्षा वाळवणाची जागा बघा. साल उघड्या रस्त्याकडेला वाळतेय की शेडमध्ये, चाळणी आणि मेटल डिटेक्टर आहे का, पोती थेट जमिनीवर आहेत की लाकडी पॅलेटवर. आसपासच्या एक-दोन व्यापाऱ्यांकडेही चहा घ्या, भावाचा अंदाज तिथेच येतो. तिकडे व्हॉट्सॲपपेक्षा ‘झालो’ (Zalo) हे ॲप जास्त चालतं, ते फोनवर घेऊन ठेवा. माणसाला हाक शेवटच्या नावानं मारतात, कारण आडनाव आधी येतं. पुरुषाला ‘आन्ह’ आणि बाईला ‘ची’ असं लावून बोललात की संवाद मोकळा होतो. दिवसभरात जे तोंडी ठरलं, ते त्याच संध्याकाळी लेखी पाठवा.

तिथे स्थायिक झालेले भारतीय एजंटही भेटतात. चांगला एजंट मोलाचा असतो. त्याला तुम्ही पैसे द्या आणि तो पुरवठादाराकडून वेगळं कमिशन घेत नाही हे लिहून घ्या. दोन्हीकडून खाणारा माणूस माल नापास करत नाही.

नमुना: इथे वेळ घाला

दालचिनी तीन-चार रूपांत येते. गोल गुंडाळलेली ‘सिगारेट’, चिरलेली ‘स्प्लिट’, दाबून सपाट केलेली आणि ‘ब्रोकन’ म्हणजे तुकडे. अख्ख्या गरम मसाल्याच्या पाकिटाला गुंडाळलेली शोभते. दळायला तुकडे स्वस्त पडतात, पण त्यांत बाहेरची खरबरीत साल, शेवाळ आणि भुकटी किती आहे हे बघितल्याशिवाय ‘स्वस्त’ म्हणू नका. एक तुकडा मोडा. कडक आवाज करून तुटला तर माल कोरडा, वाकून चिरला तर ओल आहे. दातांखाली धरा. आधी गोडसर, मग तिखट झोंबणारी चव आली पाहिजे. नुसती लाकडी चव म्हणजे कोवळी किंवा तेल उडालेली साल. हे झालं घरगुती. खरी पारख प्रयोगशाळेत होते: ओलावा, उडनशील तेल, राख, आम्लात न विरघळणारी राख म्हणजे माती-वाळू, आणि कीटकनाशकांचे अंश. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून एफएसएसएआयच्या निकषांवर तपासणी करून घ्या. नमुन्याला घातलेले हे पैसे सगळ्यात वसूल होणारे आहेत.

नावाची खबरदारीही घ्या. आपल्या अन्न कायद्यात सिलोनची पातळ पापुद्र्यांची दालचिनी आणि व्हिएतनाम-चीनची जाड सालीची ‘कॅसिया’ हे दोन वेगळे पदार्थ आहेत. कस्टम्सचं वर्गीकरणही वेगळं आहे: पहिली 0906 11 मध्ये, कॅसिया 0906 19 मध्ये. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, म्हणून तपासणीही कडक होते. व्हिएतनामी निर्यातदार सवयीनं सगळ्यालाच सिनॅमन लिहितात. इनव्हॉइस, लेबल आणि सर्टिफिकेट सगळीकडे कॅसिया असंच लिहून घ्या. नाहीतर माल चांगला असूनही सिनॅमनच्या निकषांवर तपासला जाऊन नापास होईल.

बाद्यानाचा नमुना असा बघा. शंभर ग्रॅम मोजून पांढऱ्या कागदावर पसरा. पूर्ण आठ पाकळ्यांची फुलं एकीकडे, तुटलेल्या पाकळ्या दुसरीकडे, देठ-काड्या तिसरीकडे, सुटं बी आणि माती चौथीकडे. प्रत्येक ढीग काट्यावर घाला. कोटेशनमध्ये तुकड्यांचं जे प्रमाण लिहिलंय, ते खरं की खोटं हे दहा मिनिटांत कळतं. मग रंग. उन्हात वाळलेलं फूल गडद तपकिरी असतं, थोडं कमी-जास्त. सगळीच फुलं एकसारखी लालसर, तेजस्वी दिसली आणि नाकाशी धरल्यावर बडीशेपेच्या गोड वासाखाली आंबट, झोंबणारा वास आला, तर गंधकाची धुरी दिलेली असण्याची शक्यता मोठी. गिऱ्हाईक असा माल बघून खूश होतं, पण गंधकाचे अंश जास्त निघाले तर अख्खा कंटेनर अडकतो. प्रयोगशाळेला सल्फर डायऑक्साईडची तपासणी वेगळी सांगावी लागते, ती ठरीव यादीत असेलच असं नाही.

आणखी एक, जिवाशी संबंधित. बाद्यानासारखंच दिसणारं जपानी चक्रीफूल विषारी असतं, आणि वाळलेल्या मालात नुसत्या डोळ्यांनी दोघांत फरक करणं कठीण. म्हणून करारात शास्त्रीय नाव ‘इलिसियम व्हेरम’ असं लिहाच.

लांग सोनच्या मालाबाबत मूळस्थानाचा प्रश्नही आहे. सीमेपलीकडच्या चीनच्या ग्वांगशी स्वायत्त प्रदेशात बाद्यान याहून जास्त पिकतं आणि ते इकडे मिसळणं सोपं आहे. चिनी मालावर आसियानची सवलत लागू होत नाही. खोट्या मूळस्थानाची जबाबदारी शेवटी आयातदारावर, म्हणजे तुमच्यावर येते.

करारात काय लिहायचं

दोन पानं पुरतात, इंग्रजी आणि व्हिएतनामी शेजारी शेजारी. यात हे असलंच पाहिजे:

- माल, शास्त्रीय नाव, रूप, पीक कुठल्या हंगामाचं
- ओलावा जास्तीत जास्त किती, तेल कमीत कमी किती, तुकडे आणि परकीय पदार्थ किती टक्क्यांपर्यंत
- मान्य केलेल्या नमुन्याचा क्रमांक. तो नमुना तीन भागांत सीलबंद: एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे, एक तपासनीसाकडे
- ओलावा जास्त निघाला तर टक्क्यामागे किती कपात, आणि कुठल्या मर्यादेपुढे माल नाकारायचा
- चढवण्याची शेवटची तारीख, आणि उशीर झाल्यास काय
- पोत्यांचं वजन, आतलं अस्तर, लेबलचा मजकूर

मालाची तपासणी कंटेनर भरताना तिसऱ्या संस्थेकडून करून घ्यायची. एसजीएस, ब्युरो व्हेरिटास, इंटरटेक, किंवा तिथलीच व्हिनाकंट्रोल. तपासनीसानं वरच्या दोन पोत्यांतून नव्हे, तर भरताना वेगवेगळ्या टप्प्यांवर नमुने काढावेत, रिकाम्या कंटेनरचा फोटो घ्यावा आणि सीलचा क्रमांक अहवालात लिहावा, असं कामाच्या पत्रातच सांगा. कंटेनर कोरडा आणि वास नसलेला हवा. वाटेत दिवसा तापला आणि रात्री गार पडला की छताला आतून पाणी सुटतं. त्यासाठी बाजूंना क्राफ्ट पेपर आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या लावून घ्या.

भांडण झालंच तर व्हिएतनाम इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटर आहे, कलम लिहून ठेवा. पण एका कंटेनरसाठी लवाद लढणं परवडत नाही. खरी ताकद पैसे कधी सोडायचे यातच आहे.

पैसे

निर्यातदार सहसा तीस टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत ईमेलवर आली की, असं मागतो. त्यांचीही भीती खरी आहे. 2022 मध्ये इटलीला निघालेल्या काजूच्या कंटेनरांची मूळ कागदपत्रं भलत्याच्या हाती गेली आणि व्हिएतनामी निर्यातदार हवालदिल झाले होते. तेव्हापासून ते जास्त सावध आहेत. तुम्ही मधला मार्ग काढा. दहा ते वीस टक्के आगाऊ, बाकी ‘कागदपत्रांवर पैसे’ या पद्धतीनं बँकेमार्फत. मूळ कागद तुमच्या बँकेत येतात, तुम्ही पैसे भरता, मग कागद मिळतात. तपासणी अहवाल त्या कागदांच्या यादीत सक्तीचा ठेवा.

रक्कम मोठी असेल तर एलसी, म्हणजे बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र, उघडा. पण एलसीत बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीच्या यूसीपी 600 या आंतरराष्ट्रीय नियमांचा पायाच तो आहे. कागद बरोबर असले तर आत भुसा भरलेला असला तरी बँक पैसे देईल. म्हणून एलसीतही तपासणी प्रमाणपत्र, त्यात ओलाव्याचा आकडा आणि सील क्रमांक हवा, हे शब्दशः मागा.

आगाऊ पाठवलेल्या रकमेची नोंद आयातीच्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस यंत्रणेत उघडी राहते. माल आल्यावर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे भरलेलं आयातीचं घोषणापत्र, बँकेत जुळवली की ती बंद होते. हे राहून गेलं तर पुढच्या वेळी बँक पैसे पाठवायला अडवते.

आणि ही सूचना भिंतीवर चिकटवा: ईमेलवरून बँक खातं बदलल्याचा निरोप आला, तर पैसे पाठवू नका. ईमेल हॅक करून मधल्यामध्ये खातं बदलणारे या धंद्यात आहेत. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल करा, माणसाचं तोंड बघा, खातं क्रमांक त्याच्याकडून वाचून घ्या.

शुल्क आणि आसियानचा कागद

भारत-आसियान माल व्यापार करार 2010 मध्ये लागू झाला. सवलतीचे दर सीमाशुल्क अधिसूचना 46/2011 मध्ये मालाच्या कोडप्रमाणे आहेत. तुमच्या आठ अंकी कोडचा आजचा दर ब्रोकरकडून लेखी घ्या, दर आणि याद्या बदलत असतात.

फरक किती पडतो ते बघा. समजा मालाची आकारणी किंमत 100 रुपये आणि मूळ शुल्क 30 टक्के आहे. 30 रुपये शुल्क, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार 3 रुपये, झाले 133. त्यावर 5 टक्के आयजीएसटी 6 रुपये 65 पैसे. सवलतीनं मूळ शुल्क शून्य असेल तर अधिभारही शून्य, आणि आयजीएसटी फक्त 5 रुपये. आयजीएसटी तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, पण ते 33 रुपये मिळत नाहीत. म्हणजे अख्ख्या सौद्याचा नफा एका कागदावर उभा आहे. तो कागद म्हणजे ‘फॉर्म एआय’, व्हिएतनामच्या उद्योग-व्यापार मंत्रालयाकडून मिळणारं मूळस्थान प्रमाणपत्र.

त्यातल्या चुका अशा होतात: कोड इनव्हॉइसशी जुळत नाही, वजन वेगळं, बिल तिसऱ्या देशातून आलं पण तो रकाना टिक केलेला नाही. माल चढल्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत प्रमाणपत्र निघालं नाही, तर ते नंतर दिल्याचा शिक्का लागतो. तो शिक्का नसला की हरकत आलीच. मसुदा छपाईआधी मागवून ब्रोकरला दाखवा.

सप्टेंबर 2020 पासून कारोटार, म्हणजे सवलत मागणाऱ्या मालाच्या मूळस्थानाचे कस्टम्स नियम, लागू आहेत. त्यानुसार नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. माल खरंच तिथे पिकलाय हे दाखवणारी माहिती आयातदाराकडे आधीच असली पाहिजे, आणि ती पाच वर्षं जपायची असते. खरेदी कुठल्या भागातून झाली, शेतकऱ्यांकडून घेतल्याच्या पावत्या, वाळवणीचे फोटो हे सगळं पुरवठादाराकडून करारातच बांधून घ्या. मालाचं मूळ पक्कं ठाऊक असलेला निर्यातदार कुरकुर न करता देतो.

न्हावा शेव्याला

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये दंड आहे. त्यामुळे कागदांची प्रत जहाज निघताच ब्रोकरकडे गेली पाहिजे.

प्लँट क्वारंटाईनला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं. तुमच्या मालाच्या अटी 2003 च्या प्लँट क्वारंटाईन ऑर्डरच्या परिशिष्टांत असतात, त्या करारापूर्वी वाचून घ्या, धुरीची अट असेल तर ती तिकडेच पुरी व्हावी लागते. एफएसएसएआयचा अधिकारी दोन नमुने काढतो, एक प्रयोगशाळेत जातो आणि दुसरा फेरतपासणीसाठी राखून ठेवतात. मालाचं उरलेलं आयुष्य किमान 60 टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी ते हवं. लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता किंवा परवाना क्रमांक राहिला असेल तर स्टिकर लावायची मुभा मिळते. उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर मात्र मुळातच छापलेले हवेत.

अहवाल यायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस कंटेनरचं भाडं चढतं. जहाज कंपनीकडून 14 ‘फ्री डेज’, म्हणजे बिनभाड्याचे दिवस, आधीच मागा. बुकिंग करतानाच ते मिळतात, माल आल्यावर नाही.

गोदामाशी पडलेला भाव

वाशीच्या भावाशी तुलना करताना लोक मालाची किंमत आणि जहाजभाडं एवढंच धरतात. विमा, बंदराचे आणि सीएफएसचे (कंटेनर ठेवण्याच्या गोदामाचे) आकार, डिलिव्हरी ऑर्डर, ब्रोकर, तपासण्या, बँकेचं कमिशन, डॉलरचा फरक, सांगलीपर्यंतचा ट्रक, हमाली आणि तूट, सगळं मांडा. तूट विसरू नका, 13 टक्के ओलाव्यानं घेतलेला माल आपल्या मार्चच्या हवेत वजन सोडतो. शिवाय पैसे तीन महिने अडकतात, त्याचं व्याज धरा. एवढं धरून वाशीपेक्षा आठ-दहा टक्के वाचत नसतील, तर यंदा वाशीचाच माल घ्या.

दालचिनी-बाद्यान हलके आणि फुगीर असतात, त्यामुळे वजनाआधी जागा भरते. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर, चाळीस फुटी हायक्यूबमध्ये 76. एकट्याला एवढं झेपत नसेल तर तीन-चार कारखानदारांनी मिळून एकाच्या आयईसीवर मागवावा आणि वाटणी जीएसटी बिलावर करावी. कोणाचा वाटा किती आणि माल नापास झाला तर नुकसान कसं वाटायचं, हे कंटेनर निघायच्या आधी स्टॅम्प पेपरवर घ्या. यात मैत्री टिकते.

ट्रक निघताना बिल ऑफ एंट्रीवर ई-वे बिल बनवा. सांगलीत उतरवताना सील क्रमांक जुळवून, फोटो काढून मगच तोडा, आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या रांगांतून नमुने काढून सीलबंद नमुन्याशेजारी ठेवा. तक्रार करायची तर करारात ठरलेल्या मुदतीतच करावी लागते.

पावसाळ्यापर्यंत उरेल तो माल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. जूननंतर कृष्णाकाठच्या हवेत बाद्यान मऊ पडतं, बुरशी धरतं. मिरज-तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात बेदाण्यासाठी इतकी शीतगृहं आहेत, त्यांत पोत्यामागे भाडं भरून माल सुखरूप राहतो. फक्त बेदाण्याच्या चेंबरमध्ये ठेवू नका, दालचिनीचा वास बेदाण्याला लागतो. वेगळी खोली आहे का हे विचारूनच जागा धरा. डिसेंबरात बेदाण्याचा नवा हंगाम तोंडावर असतो, तेव्हा जागा धरण्याचं बोलणं दिवाळीतच उरकून घ्यावं.